शेगडी असेल तर घर, नसेल तर खोली

ती. दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (म्हणजे माझाच, पण मोठ्यांना लिहिताना माणसाने आपली पायरी आधी सांगावी असं आमचे वडील म्हणत) सादर नमस्कार. वि. वि. (यातली विनंती कोणती आणि विशेष काय ते पुढे येईलच, तूर्त नुसतं लिहून ठेवतो.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला हटला का? मागे फोनवर तुम्ही म्हणालात की रक्तदाबाची गोळी आठवेल तेव्हा घेता. दादा, औषधांच्या दुकानात जन्म घालवलेला माणूस म्हणून सांगतो, गोळी ही आठवणीवर सोडायची गोष्ट नव्हे. आजची राहिली असेल तर आधी ती घ्या, टेकून बसा, आणि मगच पुढे वाचा. घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या आई ठणठणीत आहेत, तुमची बहीण ठणठणीत आहे, आणि मी आहे तसा आहे. पत्र लिहायला कारण झाली ती नगरपालिका.

हसू नका. तुम्ही आयुष्यभर भाड्याच्या जागेत राहिलात, शहाणे ठरलात. भाडेकरूला एकच मालक असतो. मी मात्र निवृत्तीच्या पैशांतून कोपऱ्यावरचं हे बैठं घर घेतलं आणि समजून चाललो की चार भिंती, वर छप्पर, पुढे झुडपांचं कुंपण, आणि आत आपलं राज्य. राज्य कसलं, दादा! घरासमोरचा पदपथ नगरपालिकेचा, पण तो झाडायचा आम्ही, आणि त्यावर कुणी घसरून आपटलं तर गुन्हेगारही आम्हीच. फाटकाजवळचं झाड खोडापर्यंत नगरपालिकेचं, मुळं मात्र आमची. कारण मुळांनी गटार फोडलं तर भरून कोण देणार? कोपऱ्यावरच्या घराचं झुडपी कुंपण कमरेच्या वर वाढता कामा नये, कारण वळणावर गाडीवाल्यांना पलीकडचं दिसलं पाहिजे. (म्हणजे मी बागेत बनियनवर बसलो तर तो देखावा गाडीवाल्यांना बघू देणं माझं कायदेशीर कर्तव्य आहे.) रस्त्यावरून दिसेल अशा जागी कपडे वाळत घालायचे नाहीत. कचऱ्याचा डबा ठरल्या संध्याकाळआधी बाहेर दिसता कामा नये. हे सगळं मला पासष्टीत कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. कारण यातला एकही नियम असा नव्हता जो मी त्या दिवशी सकाळी न्याहारीच्या आत मोडला नव्हता.

कळलं कसं, तर कोंबडीमुळे. आमच्या डाव्या हाताला एक विधुर गृहस्थ राहतात. नोकरीभर त्यांनी उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना लिफ्टकाका म्हणते. माणूस बुटका, गोरा, कायम खिशात पेचकस, आणि बोलणं इतकं कमी की दोन वाक्यांच्या मध्ये आपलं आंघोळपाणी उरकावं. त्यांच्या मागल्या अंगणात कोंबड्या आहेत. कोंबड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांतला एक कोंबडा सूर्य उगवायच्या पुष्कळ आधी आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली येऊन अशी बांग द्यायचा की मी अंथरुणात ताडकन उठून बसायचो, आणि छातीत धडधडतंय ते हृदय की कोंबडा हेच कळायचं नाही. तुमची बहीण म्हणाली, अहो, जाऊन त्यांना सांगा. मी म्हटलं, सांगायचं काय त्यात? शहराला कायदे आहेत. (दादा, हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने उच्चारलं. आता आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.)

मग मी नगरपालिकेत गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, भिंतीला खिळे मारून बसवलेली बाकडी, आणि काचेपलीकडे शाल पांघरून बसलेल्या एक बाई. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली आणि टेबलाखालून एक ग्रंथ काढून माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, पोटनियम आहेत, बसून वाचा, कुठला लागू पडतो ते सांगा. मी म्हटलं, त्यात काय, तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचत आलोय, हे तर छापील आहे. पण डॉक्टरांच्या अक्षरामागे निदान एक आजार तरी असतो. इथे एका वाक्याला सुरुवात झाली की ते दुसऱ्या पानावर श्वास घ्यायचं, तिथून मागच्या प्रकरणात जायचं, आणि तिथे लिहिलेलं असायचं की हे वाक्य आता रद्द समजावं. नियमाच्या पोटात नियम, त्याच्या पोटात आणखी एक. म्हणून याला पोटनियम म्हणत असावेत. कोंबड्यांचं पान शोधता शोधता मी पदपथावर पोचलो, तिथून झाडावर, झाडावरून कचऱ्याच्या डब्यात, आणि प्रत्येक पानावर मीच मला दिसत होतो, अपराधी म्हणून. शेवटी सापडलं. राहत्या वस्तीत कोंबड्या ठेवता येतील, नर पक्षी ठेवता येणार नाही. मला इतका हर्ष झाला की मी तक्रारीवर मोठ्या अक्षरांत सही ठोकली.

पाहणीला आली एक तरुण निरीक्षकबाई. हातात मोजपट्टी, पायात चिखलाचे बूट, बोलणं अगदी गोड. लिफ्टकाकांनी दार उघडलं. मी कुंपणावरून पाहत होतो. (कमरेएवढं नसलेल्या कुंपणावरून, टाचा उंचावून.) तिने तो कोंबडा उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, “ही कोंबडी आहे.”

मी म्हटलं, अहो, ती आरवते!

“म्हाताऱ्या झाल्या की काही काही आरवतात,” निरीक्षकबाई म्हणाली. “पोटनियमात नर पक्षी म्हटलंय. आरवण्याबद्दल काही नाही.”

आमच्या मागल्या खोलीच्या दारात उभ्या राहून आई हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “बिचारीला म्हातारपणी आवाज फुटला, तर तोही बघवेना माणसांना.” आणि लिफ्टकाका हसले. दादा, पाच वर्षांत मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण त्याच क्षणी निरीक्षकबाईने मान वळवली आणि हवेत नाक वर करून विचारलं, “तिकडे कांदा कोण परततंय?”

इथे मला मागल्या खोलीबद्दल सांगायला हवं. तुम्ही ती पाहिलेली नाही. आधीचा मालक तिथे लाकूडकाम करायचा. गेल्या वर्षी आईंनी त्यांची जागा सोडली आणि त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, की मी येईन, पण माझी शेगडी वेगळी. तुम्ही त्यांचे चिरंजीव आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्या बहिणीला मीठ शेवटी घालायचं असतं, आईंना आधी. तुमची बहीण भांड्यावर झाकण ठेवते, आई काढतात. यावर गेली चाळीस वर्षं तोडगा निघालेला नाही, आणि निघू नये असंच दोघींच्या मनात असावं. म्हणून मी ती खोली रंगवून घेतली, पलंग टाकला, खिडकीखाली फळी ठोकली आणि तिच्यावर शेगडी बसवली. वर्षभर आमच्या घरात जी शांतता होती ती त्या शेगडीच्या जिवावर होती.

निरीक्षकबाईने खोली पाहिली, पलंग पाहिला, शेगडी पाहिली, कुंपणापर्यंत पट्टी लावली. मग फार मृदू आवाजात मला समजावलं. माणूस जिथे नुसता झोपतो ती घराचीच एक खोली. ती कुंपणाला अगदी खेटून असली तरी चालते. पण तिथे शेगडी आली की ती खोली राहत नाही, ते दुसरं घर होतं. एका जागेवर दुसरं घर बांधायचं तर कुंपणापासून भरपूर अंतर सोडायला हवं. ते आम्ही सोडलेलं नाही. तेव्हा एक तर शेगडी काढा, नाही तर शेजाऱ्याची ना-हरकत घेऊन समितीकडे सवलत मागा. मी विचारलं, शेजाऱ्याची म्हणजे? तिने मोजपट्टी गुंडाळत डावीकडे बोट केलं. तिथे लिफ्टकाका ती आरवणारी कोंबडी काखोटीला मारून उभे होते. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. (ती दुभंगली असती तर गटाराचा खर्च पुन्हा माझ्यावरच आला असता.)

शेगडी दुसऱ्या दिवशी काढली. आई आमच्या स्वयंपाकघरात आल्या, आणि युद्ध सुरू झालं. आवाजाचं युद्ध असतं तर परवडलं असतं. ही नुसती झाकणांची लढाई. एकीने ठेवायचं, दुसरीने पाठ फिरताच काढायचं. मीठ एक तर दोनदा पडायचं, नाही तर दुसरीने घातलं असेल असं समजून पडायचंच नाही. मी मुकाट्याने जेवत होतो. तारीफ करावी तर कुणाची? मग तारीफ करणंही सोडलं, तर दोघी मिळून माझ्यावर रुसल्या. तेवढंच काय ते त्यांचं एकमत.

पण एक दिवस मी दुपारचा चहा घेऊन मागे गेलो, तर आई पलंगावर बसल्या होत्या आणि खिडकीखालच्या त्या रिकाम्या फळीवर हात फिरवत होत्या. शेजारी पेटी उघडी होती आणि तिच्यात लुगडी रचलेली. मी विचारलं, हे काय आई? त्या म्हणाल्या, “वृद्धाश्रमात जागा आहे म्हणतात. तुमचा दोष नाही हो. पण शेगडीशिवाय माणूस पाहुणाच असतो, आणि पाहुण्याने किती दिवस राहायचं?” दादा, मी त्यांचा जावई. त्यांच्यापुढे रडणं शोभलं नसतं. मी चहा ठेवला, तसाच उलट पावली निघालो आणि थेट लिफ्टकाकांचं दार वाजवलं.

काय बोलायचं ते मी ठरवून गेलो होतो. क्षमेने सुरुवात, मध्ये शेजारधर्म, शेवटी आईंचं वय. त्यांनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत एक कोंबडी माझ्या हातात दिली. म्हणाले, “धरा. पायाला मलम लावायचंय.” कोंबडी हातात असलेल्या माणसाला क्षमा मागता येत नाही, हे तुम्हाला अनुभवानेच कळेल. ते मलम लावत राहिले, मी घाम पुसायला हात नसल्याने तसाच उभा. शेवटी म्हणालो, काका, त्या तक्रारीचं... ते म्हणाले, “माहीत आहे. निरीक्षकबाईंनी कागद दाखवला. सही मोठी आहे तुमची.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आईंच्या पेटीचं सांगितलं. त्यांचा हात थांबला. “जाणार म्हणतात?” एवढंच विचारलं, आणि मलमाची डबी बंद करून लगेच लेखणी शोधायला आत गेले. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! (मला त्या वेळी एवढंच वाटलं. पुढचं पुढे.)

समितीपुढे आम्ही चौघेही गेलो. लांब टेबल, पाण्याची तांबूस झालेली काचपात्रं, मध्ये अध्यक्षीणबाई, आजूबाजूला दोन सभासद, त्यांतला एक पेंगत होता. ना-हरकत दिली, मी विनंती केली, आणि अध्यक्षीणबाई हळहळून म्हणाल्या की इतर कुणाचं घर असतं तर सवलत देता आली असती, पण कोपऱ्यावरच्या घरांना ती देता येत नाही. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पोटनियम होता. तेवढ्यात आई उठल्या.

“मला एवढंच समजावून सांगा,” त्या म्हणाल्या. “त्या खोलीत मी झोपलेली चालते. आजारी पडलेली चालते. उद्या मेले तरी तुमची हरकत नाही. मग मला तिथे एक अंडं उकडता का येत नाही?”

पेंगणारा सभासद जागा झाला. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि मग लिफ्टकाका उभे राहिले आणि माझ्या ऐकण्यातलं त्यांचं सगळ्यांत लांब भाषण केलं: “माझ्याकडे शेगडी आहे. घर आहे, त्यामुळे कायदेशीर आहे. दोन बर्नरची आहे. मी एकच वापरतो.” आणि खाली बसले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या की यावर समितीची काही हरकत असू शकत नाही. सगळे हसले. मीही हसलो. तुमची बहीण तेवढी हसली नाही. ती आईंकडे पाहत होती.

मग आमच्या दोन घरांमधल्या लाकडी कुंपणातल्या दोन फळ्या काढल्या. निरीक्षकबाईला आधी विचारून घेतलं, मी आता शिंकतानाही तिला विचारतो. ती म्हणाली, कुंपणाच्या उंचीवर नियम आहे, रंगावर आहे, जाडीवर आहे. कुंपण कुठे नसावं यावर नाही. तेव्हापासून आई सकाळी आपलं पातेलं घेऊन त्या फटीतून पलीकडे जातात. सुरुवातीला स्वयंपाक झाला की परत यायच्या. मग जेवून यायला लागल्या. मग दिवेलागणीला. पेटी रिकामी होऊन पलंगाखाली गेली. घरात पुन्हा एकाच बाईचं मीठ पडू लागलं. कोंबडी अजून आरवते, पण मला आता तिचं काही वाटत नाही, आणि कुंपणावरून रोज ऊन ऊन उकडलेली अंडी येतात. एकूण काय, शेवट गोड झाला. तुम्ही घर घेण्याचा विचार मनात आणू नका, आणि आणलाच तर कोपऱ्यावरचं घेऊ नका, एवढंच सांगण्यासाठी हा प्रपंच. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
घरमालक (नावापुरता)

ता. क. दादा, वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. आता स्पष्टच सांगतो. आई लग्न करताहेत. लिफ्टकाकांशी. काल मी झुडपं कमरेच्या मापात कापत होतो, तर त्या फटीतून आल्या आणि म्हणाल्या, “मी तिकडेच राहायला जातेय. रीतसर लग्न करून. नाही तर तुम्हाला पुन्हा कुठला तरी पोटनियम सापडायचा.” माझ्या हातातली कात्री तशीच चालत राहिली आणि कुंपणाला मधोमध टक्कल पडलं. त्र्याऐंशीव्या वर्षी! मी रात्रभर आढ्याकडे पाहत होतो. पण पहाटे विचार केला, वृद्धाश्रमापेक्षा दोन फळ्यांपलीकडे काय वाईट? माणूस चांगला आहे, दादा. त्यांच्या स्वयंपाकघरात आईंच्या उंचीला बसेल अशी फळी त्यांनी स्वतः रंधा मारून बसवली आहे. मी डोळ्यांनी पाहून आलो. तुम्ही आईंचे एकुलते एक चिरंजीव. ही बातमी तुम्हाला कशी द्यावी याची त्यांना काळजी असेल म्हणून मी आपण होऊन म्हटलं, आई, ते माझ्यावर सोपवा. त्या “बरं” म्हणाल्या. तेव्हा पदर पसरून विनंती करतो (पुरुषाला पदर नसतो, पण समजून घ्या), रागावू नका, आणि त्यांच्याशी दोन शब्द गोड बोला.

ता. क. दुसरा. पत्र लखोट्यात घालताना तुमच्या बहिणीने मागून वाचलं आणि ती खाली बसून हसायला लागली. पाणी देऊन तिला शांत केल्यावर मला जे कळलं ते असं: आईंनी तुम्हाला गेल्या महिन्यातच सांगितलं. तुमचं लिफ्टकाकांशी फोनवर दोनदा बोलणंही झालं, पहिल्यांदा तर समितीच्याही आधी. तुम्ही तिकिटं काढलीत. वहिनींनी नवे कपडे शिवायला टाकलेत. समितीपुढे काकांनी काय बोलायचं तेही म्हणे तुम्हीच सुचवलंत! मी विचारलं, मग मला पत्र का लिहू दिलं? तर म्हणाली, लिहू द्यावं म्हटलं, तुम्हाला हौस आहे.

ठीक आहे. या, सगळे या. खोली रिकामीच आहे, तुम्ही आणि वहिनी तिथे झोपू शकता, फक्त काही उकडू नका. पण येण्याआधी, दादा, ही खरी विनंती: माझ्या या घरात आणखी काय काय चाललंय, जे तुम्हाला परगावी बसून माहीत आहे आणि मला इथे राहून नाही, ते कृपा करून उलट टपाली कळवा. बसून वाचेन.